दोनशे सत्तावीस नंबरची पोच

काकाजी, तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. तेराव्याला नागपूरला तुमच्या गड्डीगोदामच्या घरी जो तो तुमच्याबद्दल गोड बोलत होता. शामराव लांजेवार म्हणजे देवमाणूस, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, कधी आवाज चढवला नाही. मी कोपऱ्यात पानावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांच्यापैकी एकालाही तुमच्याशी टेलिफोनवर काम करावं लागलेलं दिसत नाही. आवाज चढवला नाही म्हणे! कळमेश्वरला माझ्या कानाशी धरलेल्या फोनमधून तुमचा आवाज शेजारच्या खोलीतल्या टायपिस्टला ऐकू जायचा. ती खुणेनं विचारायची, काकाजी का? आणि मी कपाळावर हात मारून घ्यायची.

आपलं भांडण अर्धं राहिलं, ही माझी पहिली तक्रार. तुम्ही कुठलंच काम अर्धं टाकून उठणारे नव्हता. जेवणाची सुट्टी झाली तरी हातातला निरोप संपल्याशिवाय डबा उघडत नव्हता. आणि इथं मात्र मला काही विचारायची सोय न ठेवता उठून गेलात.

सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण हे मी काकूंना वाचून दाखवणार आहे आणि त्यांना तुम्ही यातलं काहीही सांगितलेलं नाही, हे मला तेराव्यालाच कळलं. आपल्या कंपनीचा पंपांचा कारखाना कळमेश्वरला, विक्रीचं ऑफिस नागपूरला सदरमध्ये. तुम्ही आधी तारखात्यात होता, मग सदरच्या टेलेक्सवर आलात. मी कुहीच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकून कारखान्यात नव्या आलेल्या कॉम्प्युटरवर लागलेली. डीलर लोक टेलेक्सनं ऑर्डरी पाठवायचे, तुम्ही त्या कागदावर घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं कागद कळमेश्वरला यायचे. मग साहेबांच्या मनात आलं की कागद कशाला? टेलेक्सच्या शेजारी एक पेटी बसवली. आलेला प्रत्येक निरोप तिच्यात ओळीनं उभा राहायचा, पहिला आला तो पुढे. कळमेश्वरच्या कॉम्प्युटरनं टेलिफोनच्या तारेवरून त्या पेटीला विचारायचं, एकेक निरोप उचलायचा आणि त्याची ऑर्डर तयार करायची. पेटी एका कंपनीची, कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचा. दोघांची ओळख करून द्यायचं काम माझं.

ओळख करून द्यायची म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक पानभर रिकाम्या जागा भरायच्या. लाइन कोणती, वेग किती, पेटीचं नाव काय, परवलीचा शब्द काय, उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, पुन्हा किती वेळा विचारायचं. तेच पान तुम्ही तुमच्या बाजूला पेटीत भरायचं. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं, एवढं मी तुम्हाला फोनवर तीनदा बजावलं होतं.

दोन दिवस पेटीनं ओळखच दिली नाही. मी वेग बदलला, तार बदलली, पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. पेटीच्या कंपनीचा माणूस म्हणाला दोष कॉम्प्युटरचा, कॉम्प्युटरवाला म्हणाला दोष पेटीचा, आणि टेलिफोनवाले म्हणाले आमची तार एकदम बरोबर आहे. एप्रिलच्या उन्हात काटोल रोडच्या बसला लोंबकळत मी सदरला आले. तुम्ही डोक्यावर ओला पंचा टाकून बसला होता आणि पंचाचं पाणी थेंबथेंब त्या नव्या पेटीवर गळत होतं. मी आधी पंचावरून ओरडले. मग पेटीतलं पान उघडून पाहिलं. नावाच्या जागी तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, श्री सदर.

"काकाजी, नावात श्री तुम्ही टाकला?"

"मंग? नवीन वही उघडली का पहिले श्रीच लिहितेत."

"हे वही नाही, मशीन हाये!"

"मशीन हाये तं का झालं? कोरीच होती नं?"

ऑफिसात मी फार जपून पुस्तकी बोलायची. तुमच्याशी भांडताना मात्र माझ्या तोंडून कुही बाहेर पडायची आणि तुम्हाला त्याचा आनंद व्हायचा, हे मला दिसायचं. श्री खोडा म्हटलं तर तुम्ही हात मागे घेतला. एकदा लिहिलेला श्री खोडत नसतात, म्हणालात. मी संतापले, पाय आपटले, पाणी प्यायले आणि शेवटी कळमेश्वरला परत जाऊन माझ्याच बाजूला श्री टाकला. तिसऱ्या मिनिटाला पेटीनं पहिला निरोप दिला. अजूनही कॉम्प्युटर रोज सकाळी श्री सदर म्हणूनच हाक मारतो. परवा नव्या आलेल्या इंजिनिअरनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, राहू द्या, हात लावू नका.

तुमची चांगली बाजू आज लिहायची नाही असं ठरवून बसले होते, पण जमत नाही. मी पहिल्यांदा सदरच्या ऑफिसात आले तेव्हा तिथल्या बाबू लोकांनी मला साहेबांची नवी टायपिस्ट समजून कागद पुढे केले. तुम्ही तुमची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणालात, "हे कॉम्प्युटरवाली बाई हाये. हिच्याले टायपिंग नका सांगू, हे तुमच्याकडूनच टायपिंग करवून घेईन." टेलेक्सच्या कागदी पट्टीवरची भोकं तुम्ही नुसत्या नजरेनं वाचायचा. मला खोटं वाटलं म्हणून मी पट्टीचा एक तुकडा मधूनच फाडून दिला. तुम्ही चष्मा न लावता वाचलात, गोंदियाचा डीलर मोटरी कधी येतील विचारून राहिला म्हणून. मग तुम्ही एक नवी पट्टी काढली, त्यावर माझं नाव भोकांत छापलं आणि ती मला दिली. ती पट्टी अजून माझ्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात खुणेला ठेवलेली आहे.

पण भांडणाकडे येते. त्या पानावरची शेवटची रिकामी जागा होती पोचेची. निरोप मिळाला असं कॉम्प्युटरनं पेटीला कधी कळवायचं? एक हा आकडा टाकला की निरोप हातात पडताक्षणी पोच जायची. दोन टाकला की निरोप वाचून, ऑर्डर लिहून, सगळं काम पुरं झाल्यावर पोच जायची. पोच मिळाली की पेटी तो निरोप पुसून टाकायची आणि पुढचा द्यायची.

मी आधी दोन टाकला होता. पण कळमेश्वरची लाइन ती! ऑर्डर लिहून व्हायची आणि पोच जाण्याआधी तार तुटायची. पेटीला वाटायचं निरोप पोचलाच नाही, ती पुन्हा तोच द्यायची, आणि कॉम्प्युटर शहाण्यासारखा त्याच ऑर्डरीची दुसरी ऑर्डर करायचा. एका डीलरला सारखेच पंप दोनदा गेले आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सुनावलं. मी बाहेर आले आणि दोनाचा एक केला. तुम्हाला कळवलं, तर तुम्ही फोनवरच बिथरलात.

"तार हातात देल्ली म्हंजे पोचली नाही वं बाई. माणसानं वाचली, त्याले समजली, त्यानं सही केली, मंग पोचली. आम्ही दारात उभे राहत होतो सहीसाठी."

"दोनदा येऊन राहिले नं निरोप, काकाजी!"

"येऊ दे दोनदा. दोनदा आला तं माणूस म्हणते, अरे, हे तं कालच आलं होतं. आलाच नाही तं कोणाले समजते?"

"माणूस म्हणते. कॉम्प्युटर नाही म्हणत."

"मंग त्याले शिकव. आलेले नंबर लिहून ठेवायले सांग. तोच नंबर पुन्हा आला तं काट मारायची. आम्ही जन्मभर का केलं मंग?"

मी म्हटलं, मशीनमध्ये तेवढी जागा नाही. काकाजी, जागा होती. मला वेळ नव्हता. पुढच्या सोमवारी वरचे लोक कारखाना पाहायला येणार होते आणि त्यांना निरोप सदरहून कळमेश्वरला पळत येताना दाखवायचे होते. एक आकड्यावर ते पळत येत होते.

त्यात तुमचा तो खिळा. लाकडाच्या ठोकळ्यात उभा ठोकलेला लांब खिळा तुमच्या टेबलावर होता. प्रत्येक निरोपाची एक छापील प्रत तुम्ही काढायचा, तिच्यावर चार रकान्यांचा रबरी शिक्का मारायचा: नंबर, वेळ, कोणाला दिला, सही. सही झाली की कागद खिळ्यावर जायचा. सही नसेल तोवर चिमट्यात, पाटीवर. पेटी आल्यावर तुम्ही सहीच्या जागी पोचेची वेळ लिहू लागलात, पण कागद काढणं थांबवलं नाही. साहेब म्हणाले, मग हा कॉम्प्युटर आणला कशाला? त्यांच्या सांगण्यावरून मी एक टिपण लिहिलं, की कॉम्प्युटर स्वतः पोच देत असल्यामुळे सदर ऑफिसला छापील प्रत ठेवण्याची गरज नाही. खाली माझी सही. तुम्ही ते टिपण वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणालात, "लिहून देल्लं तं मानलं." त्या दिवशी खिळा आणि चिमटा पिशवीत घालून तुम्ही घरी नेलात. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग तो मंगळवार. हे मी या आठवड्यापर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मे महिना, दुपार, कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी धापा टाकत होता आणि कळमेश्वरची लाइट सकाळपासून डोळे मिचकावत होती. तुमचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. हा नंबर भेटला का, तो नंबर भेटला का. तिन्ही वेळा मी पडद्यावर पाहिलं, तिन्ही वेळा तो भेटलेला होता, आणि तिन्ही वेळा मी तुम्हाला सांगितलं की पोच आली ना तुम्हाला, मग विचारता कशाला? पावणेदोनच्या सुमाराला लाइट गेली आणि लगेच आली. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. साहेब माझ्या खुर्चीच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. आणि फोन वाजला.

"सुनंदा, दोनशे सत्तावीस नंबरचा भेटला का?"

"भेटला काकाजी."

"पायलं का? पोच आली अन् लागलीच लाइनचा दिवा गेला म्हणून विचारून राहिलो."

"पोच आली नं तुम्हाले? मंग झालं! भेटला. ठेवा फोन."

मी पाहिलं नव्हतं. मशीन सुरू व्हायला फार तर पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटांनी मी पाहिलं असतं तर दोनशे सत्तावीस दिसला नसता, मी तुम्हाला फोन केला असता, तुम्ही डीलरला विचारून निरोप पुन्हा मागवला असता आणि आज मी हे लिहीत बसले नसते. निरोप कॉम्प्युटरच्या हातात पडला होता, त्यानं पोच दिली होती, आणि लिहून ठेवायच्या आत लाइट गेली होती. पोच मिळाली म्हणून पेटीनं निरोप पुसला होता. दोन्ही मशीनचे हात स्वच्छ.

गोंदियाच्या डीलरचा निरोप होता तो. गावाच्या नळयोजनेच्या पंपाला मोटर बदलून पाठवा, जुन्या ऑर्डरीतली चालणार नाही, असा. आठ दिवसांनी जुन्याच ऑर्डरीतली मोटर गावात पोचली. विहिरीशी मांडव घातला होता, सरपंचानं नारळ फोडला, बायका कळशा घेऊन रांगेत उभ्या होत्या, बटण दाबलं आणि मोटर नुसती गुरगुरली. डीलर दुसऱ्या दिवशी हार गळ्यात तसाच ठेवून आल्यासारखा तावातावानं कळमेश्वरला आला. मी बदल कळवला होता, म्हणाला. टेलेक्स गेल्याचा कागद त्याच्या हातात होता.

केबिनमध्ये तुम्ही आणि मी शेजारी उभे होतो. साहेबांनी मला विचारलं, कॉम्प्युटरमध्ये असा निरोप आहे का? मी म्हटलं, नाही. हे खरं होतं. तुम्हाला विचारलं, पेटीत आहे का? तुम्ही म्हणालात, "पोच आली साहेब, म्हणून पुसला पेटीनं." कागद कुठे आहे? "कागद बंद केले नं साहेब." मग साहेब म्हणाले, "कळमेश्वरला फोन करून विचारलं होतं का, लांजेवारजी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले.

"ध्यानात नाही साहेब," तुम्ही म्हणालात.

दहा वर्षांपूर्वीच्या तारांचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस तुम्ही! साहेबांनी ते खरं धरलं. म्हातारा झाला, नव्या मशीनवर हात बसत नाही, चुकून पुसलं असेल, असं ठरलं. सदरची खुर्ची गेली. तुम्हाला कळमेश्वरला पॅकिंगच्या गोदामात टाकलं, खोक्यांना लेबलं चिकटवायला. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे निरोप सांभाळले त्याच्या कागदावर निष्काळजीपणा असा शब्द लिहिला गेला. आठ महिन्यांनी तिथूनच तुम्ही रिटायर झालात. निरोपसमारंभ सदरला होता होता राहिला, गोदामातच शाल आणि नारळ दिला आणि हमालांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मला कारण चार दिवसांत सापडलं होतं. मशीन पुन्हा सुरू झाल्याची वेळ छापून येते, ती वेळ आणि तुमच्या फोनची वेळ जुळत होती. तो छापलेला कागद माझ्या हातात होता. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. कॉम्प्युटरवर बाई ठेवून पाहू, असं म्हणून मला घेतलेलं होतं, आणि बाबांनी सगळ्या कुहीत सांगून टाकलं होतं. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नाही. मी तो कागद फाडला, गुपचूप एकाचा दोन केला, आणि तुम्ही म्हणाला होता तसं नंबर लिहून ठेवणारं रजिस्टर कॉम्प्युटरमध्ये घातलं. दीड दिवसाचं काम होतं. तेव्हापासून एक निरोप हरवला नाही, एक दोनदा लागला नाही. साहेबांनी माझं कौतुक केलं.

एकदा तुम्ही गोदामातून लेबलांचा कागद घ्यायला माझ्या खोलीत आलात. पडद्यावर नंबरांची रांग होती, काही नंबरांपुढे काट. तुम्ही चष्मा पुसला, वाकून पाहिलंत.

"रजिस्टर ठेवलं वाटते?"

"हो काकाजी."

"अन् पोच?"

"आता काम झाल्यावर."

"बरं केलं," तुम्ही म्हणालात, माठातलं पाणी प्यायलात आणि लेबलं घेऊन गेलात. तेवढंच. अहो, ओरडायचं होतं ना तेव्हा! फोनवर टायपिस्टला ऐकू जाईल एवढा आवाज होता तुमचा, तो त्या दिवशी कुठे ठेवलात? तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी तिथल्या तिथे रडून सगळं कबूल केलं असतं. तुम्ही मला बोलायला जागा करून दिली होती का, की विषय संपवून टाकला होता, हे मला अजून समजत नाही. मी कितीदा ठरवलं की रविवारी गड्डीगोदामला जाऊन विचारीन. रविवार येत गेले.

तेराव्याला जेवणं झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. "तुझ्या हापिसातलं सामान हाये वं, घेऊन जा बाई," म्हणाल्या आणि ती पिशवी दिली. आत खिळा होता, सह्या झालेले जुने कागद त्यावर घट्ट बसलेले. आणि चिमटा, त्यात एकच कागद. दोनशे सत्तावीस.

तुम्ही माझं टिपण मानलं नव्हतं तर! निदान त्या दिवशी तरी नाही. दिवा गेला तेव्हा तुम्हाला शंका आली आणि तुम्ही टेलेक्सच्या भोकांच्या पट्टीवरून प्रत काढली. गोंदियाचा सगळा मजकूर त्यात आहे, पोच आल्याची वेळ समासात आहे, आणि खाली तुमच्या बारीक पेन्सिलीत लिहिलंय: फोन करून विचारले. मिळाला असे सांगितले. कोणी सांगितले, ते नाही. शिक्क्याचे पहिले दोन रकाने भरलेले, कोणाला दिला आणि सही हे दोन्ही कोरे. तुम्ही कधी रकाना कोरा सोडलेला मी पाहिला नव्हता.

तो कागद केबिनमध्ये तुमच्या पिशवीत होता की घरी, मला माहीत नाही. पण होता. दाखवला असता तर तुमची खुर्ची राहिली असती. काहून नाही दाखवला, काकाजी? माझी नोकरी वाचवायला? मी तसं मागितलं होतं का? की मी स्वतःहून सांगते की नाही ते पाहत होता, आठ महिने गोदामात आणि नंतर घरी बसून? पहिलं असेल तर मला तुमच्या पाया पडावंसं वाटतं आणि दुसरं असेल तर तोंड लपवावंसं वाटतं, आणि दोन्ही वेळा तुमचा रागच येतो. मी काकूंना विचारलं, काकाजी कधी काही बोलले का? त्या म्हणाल्या, "म्हणत होते, त्या कागदाची सही यायची हाये. कोणाची ते नाही सांगतलं."

सोमवारी मी सगळं लिहून काढलं. मंगळवारची दुपार, फोन, फाडलेला कागद, सगळं. साहेबांच्या बाबूकडे दिलं. त्यानं न वाचताच मिळाले असा शिक्का ठोकून प्रत परत केली. म्हणजे पोचेचा तोच एक आकडा, काकाजी. मला तिथंच हसू आलं, बाबू पाहत राहिला.

चार दिवस काही नाही. काल मी केबिनमध्ये शिरले. साहेबांनी वाचलं होतं. म्हणाले, "जाने दो मॅडम. आदमी गेला. आता तुमचं नाव कशाला खराब करून घेता?" मी म्हटलं, त्यांचं झालं आहे ते आधी दुरुस्त करा. त्यांच्या कागदावरचा तो शब्द काढा, तसं सदर आणि कळमेश्वर दोन्ही ठिकाणी सूचनांच्या फळ्यावर लावा, आणि काकूंना तुमच्या सहीचं पत्र द्या. माझं काय करायचं ते नंतर करा. ते म्हणाले, पाहू. मी म्हटलं, पाहू म्हणजे काय? तर घड्याळ पाहून त्यांनी फोन उचलला.

तुमचा कागद माझ्यासमोर आहे. कोणाला दिला या रकान्यात मी आज सकाळी माझं नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट, पूर्ण. काकू म्हणाल्या होत्या, कोणाची का असंना, तूच सही करून खिळ्याला लावून दे, त्याईच्या जिवाले बरं वाटेल. मी सही केलेली नाही. साहेबांचं पत्र काकूंच्या हातात पडेल, कोणीतरी त्यांना ते वाचून दाखवेल, त्यांना ते समजेल, मग करीन. तोवर दोनशे सत्तावीस चिमट्यातच राहील. उद्या दहा वाजता पुन्हा केबिनमध्ये जाते आहे.